मदत हवी आहे: ग्रीन कार्डची रांग, देशनिहाय मर्यादा आणि एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची मुलगी

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतील ग्रीन कार्डच्या (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याच्या) प्रतीक्षेविषयी दोन प्रश्न विचारण्यासाठी हा धागा काढत आहे. पहिला प्रश्न व्यावहारिक आहे आणि त्याला आमच्या घरात आता मुदत लागली आहे. दुसरा न्याय-अन्यायाचा आहे. तो मला माझ्या मुलीने विचारला आणि त्याचे पुरते उत्तर मला देता आले नाही.

आधी आमची परिस्थिती सांगते. माझे यजमान २०१२ साली पुण्याहून एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर ओहायोत आले. मी आणि मुलगी २०१३ च्या जानेवारीत आलो, तेव्हा ती साडेसहा वर्षांची होती. यजमानांच्या कंपनीने मार्च २०१५ मध्ये त्यांचा लेबर सर्टिफिकेशनचा (त्या जागेसाठी अमेरिकी कामगार मिळत नसल्याच्या दाखल्याचा) अर्ज दाखल केला, म्हणून आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतील जागा ठरवणारी तारीख, मार्च २०१५ ची. त्याच वर्षी ईबी-२ (उच्चशिक्षितांच्या) गटात आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर झाला. त्यानंतर दहा वर्षे आमचे सगळे आयुष्य दर तीन वर्षांनी वाढवून मिळणाऱ्या एच-१बी आणि एच-४ (कुटुंबीयांच्या) व्हिसांवर चाललेले आहे. धाकटा मुलगा इथेच २०१६ साली जन्मला, त्यामुळे तो नागरिक आहे. मुलीचा जन्म पुण्यात, जून २००६ मधला. जून २०२७ मध्ये तिला एकवीस वर्षे पूर्ण होतील आणि त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने ती आमच्या अर्जातील 'मूल' राहणार नाही.

दरम्यान दोनदा दार किलकिले झाले होते. महामारीत वकिलाती बंद राहिल्यामुळे कौटुंबिक गटांतील न वापरलेले व्हिसा पुढच्या वर्षी नोकरीच्या गटांकडे वळले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये भारतीयांसाठी ईबी-३ (कुशल कामगारांच्या) गटातील अर्ज भरण्याची तारीख, म्हणजे जिच्या आधीची प्रायॉरिटी डेट असलेल्यांना अर्ज भरता येतो ती, एकदम १ जानेवारी २०१५ वर आली. पुढे २०२२ च्या उन्हाळ्यात ईबी-२ मधील अंतिम निर्णयाची तारीख (जिच्या आधीच्यांना कार्ड मिळू शकते ती) १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोहोचली. दोन्ही वेळा आम्ही दोन-चार महिन्यांनी हुकलो. त्यानंतर तारखा उलट्या फिरल्या आणि २०२३ मध्ये ईबी-२ ची तारीख १ जानेवारी २०११ वर जाऊन थांबली. आता २०२५ संपत आले आहे आणि दोन्ही गटांच्या अंतिम तारखा अजून २०१३ मध्येच आहेत. म्हणजे येत्या दीड वर्षात त्या जवळपास दोन वर्षे पुढे सरकल्या, तरच मुलगी आमच्याबरोबर राहील.

रांगेत वय उलटणाऱ्या मुलांसाठीच्या सीएसपीए या २००२ च्या कायद्यानुसार मुलाच्या वयातून आय-१४० प्रलंबित राहिल्याचे दिवस वजा होतात, हे मला माहीत आहे. परंतु आमच्या कंपनीने प्रीमियम प्रोसेसिंगचे (जलद निकालाचे) शुल्क भरून तो अर्ज बारा दिवसांत मंजूर करून घेतला होता. तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आज त्याच घाईमुळे मुलीच्या वयातून फक्त बारा दिवस वजा होणार आहेत. साध्या प्रक्रियेत तो अर्ज सहा-आठ महिने पडून राहिला असता, तर तेवढे महिने तिला मिळाले असते.

तर पहिला प्रश्न असा की, ज्यांची मुले अशा रीतीने वयाबाहेर गेली किंवा जाता जाता वाचली, त्यांनी नेमके काय केले? मुलीचा दर्जा एच-४ वरून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करून घ्यावा असे सगळेच सांगतात, पण तो केव्हा करावा? आताच केला तर पुढे तारीख लागल्यास तिला आमच्याबरोबर अर्ज भरता येतो का? आणि ईबी-३ मध्ये नवा अर्ज करण्याने काही साधते का?

आता दुसरा प्रश्न. मुलगी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. राज्यशास्त्राच्या वर्गात देशनिहाय मर्यादा न्याय्य आहे का, या विषयावर तिला निबंध लिहायचा होता. तिने मला विचारले, "आई, हा कायदा देशांना समान वागवतो की माणसांना?"

मी तिला आकडे सांगितले. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० असतात आणि एका देशात जन्मलेल्यांना एकूण व्हिसांच्या सात टक्क्यांहून अधिक देऊ नयेत असा नियम आहे. ईबी-२ गटाच्या वाट्याला त्यांतील सुमारे ४०,००० येतात, त्याचे सात टक्के म्हणजे जेमतेम २,८००. आइसलँडलाही हीच मर्यादा, भारतालाही हीच. शिवाय नागरिकत्व कोणते आहे हे पाहिलेच जात नाही, जन्म कुठे झाला ते पाहिले जाते. यजमानांच्या विभागात त्यांच्याच हुद्द्यावर, त्यांच्यानंतर चार वर्षांनी आलेले एक पोलिश गृहस्थ आहेत. त्यांना दोन वर्षांत कार्ड मिळाले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र आकस नाही, पण मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्या टेबलावर बसलेल्या दोन माणसांत आहे असे मला वाटते.

तरीही मी तिला निबंधात एवढेच लिहू दिले नाही. आमच्या शेजारी फिलिपिन्सहून आलेल्या एक परिचारिका राहतात. त्या ईबी-३ च्या रांगेत आहेत आणि जगातील बहुतेक देशांसाठी त्या रांगेलाही आता दोन-अडीच वर्षे लागतात. त्यांनी मला शांतपणे सांगितले, "मर्यादा काढली तर तुमची माणसे पुढे येतील आणि आम्ही तुमच्या मागे दहा वर्षे उभे राहू." त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही, कारण एकूण व्हिसा वाढले नाहीत तर प्रतीक्षा नाहीशी होत नाही, ती फक्त वाटली जाते.

इतिहास वाचला तेव्हा माझा गोंधळ आणखी वाढला. १९२४ च्या कायद्याने उत्तर आणि पश्चिम युरोपला झुकते माप देणारे कोटे ठरवले होते आणि आशियातील लोकांना जवळजवळ दार बंद केले होते. १९४६ मध्ये भारताला वर्षाला शंभर जागा मिळाल्या. संपूर्ण अखंड हिंदुस्थानला शंभर! १९६५ च्या कायद्याने ते वांशिक कोटे मोडले आणि पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशाला २०,००० ची समान कमाल मर्यादा दिली. म्हणजे आज जी मर्यादा आमच्या गळ्याशी आली आहे, तिची मूळ कल्पना आमच्या आधीच्या पिढीला आत घेणारी होती. सत्तरीच्या दशकात इथे आलेल्या ज्या मराठी डॉक्टरांच्या घरी आमच्या मंडळाचा पहिला गणपती बसला, ते त्याच कायद्याच्या दारातून आले. मग चूक नेमकी कुठे आणि कधी झाली? जाणकारांनी हे समजावून सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनुभवावरून देतो. मी वकील नाही, तेव्हा प्रत्येक गोष्ट कंपनीच्या नव्हे, तर स्वतःच्या स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्यावी. कंपनीचा वकील कंपनीचे हित आधी पाहतो.

तुमचा किंवा यजमानांचा जन्म भारताबाहेर झाला आहे का, हे सर्वांत आधी पाहा. पती-पत्नींपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल, तर सगळ्या कुटुंबाला त्या देशाची रांग धरता येते. माझ्या ओळखीच्या एका कोल्हापूरच्या कुटुंबात पत्नीचा जन्म मस्कतला झाला होता, कारण तिचे वडील तेथे नोकरीला होते. ही गोष्ट वकिलाने सहा वर्षे विचारलीच नव्हती. मुलांच्या जन्मस्थानाचा मात्र आई-वडिलांना उपयोग होत नाही.

एफ-१ घेतल्याने मुलीचा तुमच्या अर्जातील हक्क जात नाही. तारीख लागेल त्या दिवशी ती सीएसपीएच्या हिशेबाने एकवीस वर्षांखालील असायला हवी आणि कार्ड मिळेपर्यंत अविवाहित राहायला हवी. मात्र अमेरिकेत कायमचे राहण्याचा हेतू नाही, असे एफ-१ मागताना दाखवावे लागते, म्हणून हा बदल कसा आणि केव्हा मांडायचा हे वकिलाशी बोलून ठरवा. आम्ही मुलाचा अर्ज वाढदिवसाच्या दहा महिने आधी केला, कारण निर्णय यायलाच अनेक महिने लागतात. एफ-१ वर तिला कॅम्पसमध्ये काम करता येईल आणि पदवीनंतर ओपीटी, म्हणजे काही काळ नोकरीची परवानगी, मिळेल. एच-४ वर यांतील काहीच नाही.

ईबी-३ विषयी सांगायचे, तर नव्या आय-१४० मध्ये जुनी प्रायॉरिटी डेट कायम राहते. महत्त्वाचे असे की, वयातून दिवस वजा करताना ज्या आय-१४० च्या आधारे ग्रीन कार्ड मागितले जाते, त्याचा प्रलंबित काळ धरला जातो. म्हणून कंपनी तयार असेल तर ईबी-३ चा अर्ज प्रीमियमशिवाय, साध्या प्रक्रियेत करण्याबद्दल वकिलाला आवर्जून विचारा. तुमच्या बारा दिवसांच्या जागी काही महिने मिळू शकतील.

आणखी एक. फेब्रुवारी २०२३ पासून वयाच्या हिशेबासाठी अर्ज भरण्याची तारीख धरली जात होती, त्यामुळे अनेक मुले वाचली. १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना पुन्हा अंतिम निर्णयाची तारीख लागू झाली आहे. जुने लेख वाचून हिशेब करू नका.

प्रतिसाद २

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो. चूक १९६५ ची नाही, असे माझे मत आहे. सात टक्के आणि १,४०,००० हे दोन्ही आकडे १९९० च्या कायद्यातले. त्या वेळी एच-१बी वर येणाऱ्या भारतीय अभियंत्यांची आजच्यासारखी रांग कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. तात्पुरत्या व्हिसाला देशनिहाय मर्यादा नाही आणि कायमच्या व्हिसाला आहे, त्यामुळे रुंद तोंडाच्या नरसाळ्यासारखी ही रचना झाली. त्यातही १,४०,००० मध्ये पती, पत्नी आणि मुले मोजली जातात, त्यामुळे निम्म्याहून अधिक कार्डे कामगारांऐवजी त्यांच्या कुटुंबीयांना जातात. कुटुंबीयांना वेगळे मोजले, तर एकाही देशाचा वाटा न कापता रांग जवळपास दुप्पट वेगाने वितळू लागेल. माझ्या दृष्टीने खरी मागणी ही असायला हवी.

मर्यादा काढण्याचे प्रयत्न झालेले आहेत. २०११ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३८९ विरुद्ध १५ मतांनी असे विधेयक मंजूर केले, २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला मसुदा एकमताने संमत केला, पण दोन्ही मसुद्यांचा मेळ बसण्याआधीच त्या काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) मुदत संपली. एक मोठी अडचण तुमच्या शेजारीणबाईंनी सांगितली तीच होती. २०१९ मध्ये परिचारिकांसाठी वेगळी तरतूद हवी म्हणून सिनेटर रँड पॉल यांनी विधेयक अडवले, आणि एकूण संख्या वाढवल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, अशी सिनेटर डिक डर्बिन यांची भूमिका होती. कॅनडात एक्स्प्रेस एंट्री या कायमच्या वास्तव्याच्या योजनेला देशनिहाय मर्यादा नाही, वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांचे गुण पाहतात. मुलीच्या निबंधात ही तुलना जरूर असावी.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. आम्हा दोघांचा जन्म सातारा जिल्ह्यातलाच, त्यामुळे मस्कतचा मार्ग आम्हाला नाही. साध्या प्रक्रियेतील ईबी-३ अर्जाची गोष्ट मात्र दहा वर्षांत आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. यजमानांनी आज सकाळीच कंपनीला पत्र लिहिले आहे, आणि आम्ही स्वतंत्र वकिलाची वेळही घेतली आहे.

कुटुंबीयांना वेगळे मोजण्याचा मुद्दा मी मुलीला दाखवला. तिने त्यावरून निबंधाचा शेवटचा भाग पुन्हा लिहिला, आणि शेजारच्या परिचारिकाबाईंचे म्हणणे त्यांच्या परवानगीने त्यात घेतले. तिला एक गोष्ट फार लागली, ती इथे नोंदवते. तिचा धाकटा भाऊ २०३७ साली एकवीस वर्षांचा झाल्यावर आम्हा आई-वडिलांसाठी अर्ज करू शकेल आणि त्या गटाला कोणतीच मर्यादा नाही. बहिणीसाठी मात्र त्याला भावंडांच्या गटात अर्ज करावा लागेल, आणि त्या गटात भारतीयांची तारीख आज २००६ मध्ये आहे, म्हणजे तिच्या जन्माच्या वर्षात.

आता एक छोटी मदत आणखी हवी आहे. पुणे महापालिकेने दिलेल्या तिच्या जन्मदाखल्यावर बाळाचे नाव नाही, कारण बारशापूर्वीच नोंद झाली होती. तारीख अचानक लागली तर कागद हाताशी असावा म्हणून दाखल्यावर नाव घालून घ्यायचे आहे. आम्ही इथून व्हिसा स्टॅम्पिंगच्या (परतीसाठी पासपोर्टवर नवा व्हिसा मिळवण्याच्या) भीतीने तीन वर्षे भारतात गेलेलो नाही, तेव्हा हे काम पुण्यातील तिच्या आजोबांना करता येईल का? त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. त्यांना अधिकारपत्र द्यावे लागेल का, आणि ते इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करावे लागेल का, हे कोणी अलीकडे केले असल्यास कृपया लिहावे.