मदत हवी आहे : डिरेक्टरी एक, प्रोटोकॉल दोन, मग फाइलशेअर किती?

नमस्कार. आमच्या नॅस (नेटवर्कवरून फाइल साठवण्याच्या) यंत्रणेसाठी मी एसएनआयए या साठवण-उद्योग संघटनेच्या स्वोर्डफिश या साठवण-व्यवस्थापनाच्या मानकानुसार, म्हणजे डीएमटीएफ या मानक-संस्थेच्या रेडफिश या सर्व्हर-व्यवस्थापन मानकाचा विस्तार असलेल्या एपीआयनुसार, सेवा लिहीत आहे. स्टोरेजपूल (एकत्रित साठवणजागा) आणि फाइलसिस्टिम यांची मांडणी सरळ झाली. अडचण फाइलशेअरपाशी, म्हणजे नेटवर्कवर खुल्या केलेल्या डिरेक्टरीच्या नोंदीपाशी, आहे. एकच डिरेक्टरी आम्ही एनएफएस या फाइल-शेअरिंग प्रोटोकॉलवरून केवळ वाचनासाठी, तर एसएमबी या दुसऱ्या प्रोटोकॉलवरून लेखनासाठीही खुली करतो. फाइलशेअरिंगप्रोटोकॉल्स हा गुणधर्म यादीच्या स्वरूपाचा असल्याने दोन्ही प्रोटोकॉल एकाच रिसोर्समध्ये (एपीआयमधील नोंदीत) बसतात, परंतु डीफॉल्टअ‍ॅक्सेसकॅपॅबिलिटीज (वाचन-लेखनाच्या मूळ परवानग्या) संपूर्ण शेअरला लागू होत असल्यामुळे प्रोटोकॉलनिहाय फरक नोंदवता येत नाही. म्हणून एकाच फाइलशेअरपाथचे (डिरेक्टरीच्या मार्गाचे) दोन स्वतंत्र रिसोर्स ठेवावेत, असे मला वाटते (ओईएम विस्तार, म्हणजे उत्पादकाने मानकाबाहेर जोडलेले स्वतःचे गुणधर्म, शक्यतो नकोच). अशा मांडणीत क्लायंटचा (ही सेवा वापरणाऱ्या सॉफ्टवेअरचा) गोंधळ होतो का? ज्यांनी हे प्रत्यक्ष राबवले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.