विभागांचे मासिक आढावे आणि न विकलेल्या मालाचा नफा

रविवारपेठ_हिशेब

नमस्कार. बेळगावात मुख्य कार्यालय असलेल्या एका शेतमाल व्यापारी कंपनीत विभागांचे मासिक आढावे एकत्र करण्याचे काम माझ्याकडे आहे. निपाणी व बैलहोंगल भागातून सोयाबीन, सांगलीहून हळद आणि चिक्कोडीकडील कारखान्यांची साखर असे आमचे तीन विभाग आहेत. सोयाबीनवाले खरेदीचे क्विंटल कळवतात, साखरवाले झालेल्या सौद्यांची रक्कम लिहितात आणि हळदवाले बाजार तेजीत असल्याचे सांगून थेट नफ्याचा आकडा देतात. गेल्या महिन्यात तिन्ही विभाग नफ्यात दिसले, तरी बँकेच्या कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची) मर्यादा संपत आली होती. संचालकांनी कारण विचारले, तेव्हा एकाही आढाव्यातून उत्तर निघेना. तिन्ही विभागांना एकच नमुना द्यावा का, आणि दिल्यास त्यात नेमके काय मागावे?

निपाणीचा_अडत्या

नमुना एकच द्यावा, मात्र पहिला रकाना नफ्याचा नसावा. हातात माल किती, त्यातला भाव ठरवून विकलेला किती आणि भाव न ठरता पडून असलेला किती, हे आधी यावे. सोयाबीनमध्ये तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण बाजार नियामक सेबीने 20 डिसेंबर 2021 रोजी सोयाबीनच्या वायद्यांवर (पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्यांवर) बंदी घातली आणि ती पुढे वेळोवेळी वाढवली. त्यामुळे गोदामात पडलेल्या मालाची मंदी अंगावर घेण्यावाचून व्यापाऱ्याला फारसा मार्ग उरला नाही.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. सुगीच्या सुरुवातीला आवक ओली असते. 14 टक्के ओलाव्याचे 100 क्विंटल सोयाबीन वाळवून 10 टक्क्यांवर आणले, तर हाती 95.56 क्विंटल राहते. म्हणजे मातेरे, हमाली आणि तोलाई धरण्याआधीच जवळजवळ साडेचार क्विंटल गेले. खरेदीचेच क्विंटल कळवणाऱ्या विभागाचा साठा कागदावर नेहमी फुगलेला असतो आणि पडतळ (क्विंटलमागे पडलेला खर्च) नेहमी कमी दिसते. वजन वाळलेल्या मालाचेच मागा, आणि महिन्यातून एकदा गोदामात जाऊन थप्प्या मोजणारा माणूस त्या विभागाबाहेरचा असू द्या.

कृष्णाकाठ_हळद

वरील मताशी सहमत आहे. हळदीपुरती भर घालतो. हळदीचे वायदे एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारावर चालू आहेत, त्यामुळे माल सांगलीत घ्यायचा आणि वायद्यात विकून ठेवायचा, ही पद्धत रूढ आहे. घोळ होतो तो दोन्ही बाजू वेगवेगळ्या ठिकाणी लिहिल्याने. समजा, 14,000 रुपये क्विंटलने हळद घेतली आणि 14,400 ने वायदा विकला. पुढे हजर भाव (प्रत्यक्ष मालाचा आजचा भाव) 15,000 आणि वायदा 15,300 झाला, तर मालावर 1,000 रुपये वाढ आणि वायद्यावर 900 रुपये तोटा, म्हणजे खरी कमाई क्विंटलमागे 100 रुपये. हजर विभाग 1,000 लिहितो आणि 900 मुख्य कार्यालयाच्या खात्यात पडतात, म्हणून विभागप्रमुखाचे कौतुक होते आणि पैसा मात्र मार्जिन (वायद्यासाठी बाजाराकडे भरायची रक्कम) भरण्यात जातो. वायद्यातला तोटा रोजच्या रोज रोखीने भरावा लागतो, पण मालावरची वाढ विक्री होईपर्यंत हाती येत नाही. आपल्या कॅश क्रेडिटचे कोडे बहुधा इथेच सुटेल.

टिळकवाडी_खातेवही

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो. न विकलेल्या मालावरची वाढ मासिक आढाव्यात नफा म्हणून घ्यायलाच नको, असे माझे ठाम मत आहे. इंड-एएस (मुख्यतः मोठ्या कंपन्यांची लेखा मानके) लागू नसलेल्या कंपनीला लेखा मानक 2 प्रमाणे साठा खरेदी खर्चाने किंवा निव्वळ वसुली मूल्याने (विक्रीचा खर्च वजा जाता मिळू शकणाऱ्या रकमेने), यांपैकी जे कमी असेल त्याने, दाखवावा लागतो. मग महिन्याला एक चित्र आणि वर्षअखेरीस दुसरे कशासाठी? बाजारभावाने काढलेला फरक हवा असेल तर तळटीपेत द्यावा.

साखरेचे गणित निराळे आहे. जून 2018 पासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याला महिन्याचा विक्री कोटा ठरवून देते. कारखान्याशी आज सौदा झाला, तरी कोट्यात बसल्याशिवाय उचल (कारखान्यातून माल बाहेर काढणे) होत नाही. म्हणून साखर विभागाकडून सौदा, भरलेली आगाऊ रक्कम आणि प्रत्यक्ष उचल हे तीन आकडे वेगळे घ्यावेत. आगाऊ रक्कम अडकून पडते आणि आढाव्यात ती कुठेच दिसत नाही.

आणखी एक, जरा कटू. विभागप्रमुखाचा बोनस नफ्यावर अवलंबून असेल, तर 30 तारखेला एक विभाग दुसऱ्याला माल ‘विकतो’ आणि 5 तारखेला तोच माल परत येतो. असे अंतर्गत सौदे एकत्रीकरणात वजा झालेच पाहिजेत.

रविवारपेठ_हिशेब

सर्वांचे आभार. आमचे वायद्याचे मार्जिन मुख्य कार्यालयाच्या खात्यातूनच जाते. एक शंका राहते: हळद सांगलीची आणि वायद्याचा भाव तेलंगणातील निजामाबाद बाजाराचा, तेव्हा दोन्हींतला फरक कोणत्या विभागाच्या माथी मारावा?

कृष्णाकाठ_हळद

हळद विभागाच्याच. कोणत्या बाजारात माल घ्यायचा हे तोच ठरवतो. त्या फरकासाठी स्वतंत्र ओळ ठेवा आणि खरेदीच्या दिवशीचा फरक त्याच दिवशी नोंदवून घ्या. महिनाअखेरीस विचारलेला आकडा सोयीचाच येतो.