१६ महिन्यांच्या मुलीला दुधाची ॲलर्जी: रोजच्या दुधाच्या जागी काय द्यावं आणि किती?

नाशिकची_आई

मुलगी १६ महिन्यांची, वजन ९.४ किलो. शीतून आव आणि रक्त, गालांवर आणि कोपरांत एक्झिमा. डॉक्टरांनी तीन आठवडे दूध, दही, तूप सगळं बंद ठेवलं तेव्हा त्रास थांबला. मग थोडं दही देऊन पाहिलं, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. निदान: दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी, उशिरा त्रास देणारा प्रकार. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं असं कधीच झालेलं नाही.

आधी रोज ४०० मिली म्हशीचं दूध प्यायची. रात्री दोनदा अजून अंगावर पिते. मी दूध-दही खाते, त्याचा तिला त्रास दिसत नाही. घर पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

विचारायचं ते असं: सासूबाई शेळीचं दूध सुचवत आहेत, दूधवाला ए-टू, म्हणजे देशी गाईचं म्हणून विकतात ते दूध, म्हणतो आहे. यातलं काही चालेल का? नाहीतर सोया, बदाम, ओट यांपैकी कोणतं आणि किती? सोया दूध घरी करता येईल का?

आहारतज्ज्ञ_पुणे

ताई, आधी शेळी आणि ए-टूचं सांगते, कारण सगळ्यात जास्त मुलांना पुन्हा त्रास होतो तो याच दोन सल्ल्यांमुळे.

ॲलर्जी दुधातल्या केसीन आणि व्हे या प्रथिनांची असते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या दुधातली ही प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचंही सोसत नाही. ए-टू दुधात एका केसीनमधला एक दुवा वेगळा असतो, बाकी केसीन आणि व्हे तेच. त्यामुळे दोन्ही नको. लॅक्टोज-फ्री दूधही नको. त्यातली साखर फोडलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी राहतात. जुलाबानंतर काही आठवडे लॅक्टोज पचत नाही अशा मुलांसाठी ते दूध आहे. तुमचा प्रश्न वेगळा.

तुमचं अंगावरचं दूध चालू ठेवा. तुम्ही खाल्लेल्या दुधा-दह्याने तिला त्रास होत नसेल तर तुमचं दूध-दही बंद करण्याचं कारण नाही.

आता पर्याय. डब्याच्या दर्शनी बाजूकडे न पाहता मागचा तक्ता वाचा. १०० मिलीमागे तीन आकडे बघायचे. प्रथिनं ३ ग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम १२० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि घातलेली साखर शून्य. या कसोटीवर कॅल्शियम घातलेलं, बिनगोडीचं सोया पेय टिकतं. बदाम पेयात प्रथिनं जेमतेम अर्धा ग्रॅम असतात, ओटमध्ये १ च्या आसपास, तांदळाच्या पेयात त्याहूनही कमी. शिवाय तांदळात आर्सेनिक उतरतं म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना दुधाऐवजी तांदळाचं पेय देऊ नये असा सरकारी सल्ला आहे. नारळाचं दूध खिरीला, आमटीला उत्तम. त्यात स्निग्धांश भरपूर आहे, प्रथिनं आणि कॅल्शियम नाही, त्यामुळे ते दुधाची जागा घेत नाही.

चॉकलेट, व्हॅनिला असे स्वाद असलेली सोया पेयं जवळपास सगळी गोड असतात, ती टाळा. डब्यावर 'दूध' शब्द दिसणार नाही, 'सोया ड्रिंक' किंवा 'सोया बेव्हरेज' असं शोधा. वनस्पतीजन्य पेयांना दूध म्हणून विकायला एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, परवानगी देत नाही.

प्रमाण: दिवसाला ३०० मिली पुरे, दोन वेळांत विभागून आणि कपाने. ४०० च्या वर गेलं की जेवणाची भूक मरते आणि लोह कमी पडतं.

सुरुवात बेताने करा. उशिरा त्रास देणाऱ्या प्रकारात काही मुलांना सोयाही सोसत नाही. पहिल्या दिवशी ३० मिली, मग ६०, १००, असं पाच-सहा दिवसांत वाढवा. त्या आठवड्यात दुसरा कुठलाही नवा पदार्थ देऊ नका, नाहीतर आव दिसली तर दोष कोणाचा हे कळणार नाही. सोया नाहीच सोसलं तर मुकाट्याने ओटवर जाऊ नका, डॉक्टरांकडे परत जा. मग प्रथिनं फोडलेली किंवा अमिनो ॲसिडची पावडर लागू शकते. ती कोणती आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

हे सगळं वर्षापुढच्या मुलांसाठी आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं कुठलंही पेय मुख्य दूध म्हणून देऊ नये. तिथे आईचं दूध, नाहीतर डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर, एवढेच दोन मार्ग.

धान्यप्रक्रिया

घरी सोया दूध होतं, चांगलं होतं. फक्त शिजवण्यात घाई चालत नाही.

१०० ग्रॅम पिवळं सोयाबीन, यंदाचं, किडकं-काळं निवडून. धुऊन भरपूर पाण्यात ८ ते १० तास भिजवा. उन्हाळ्यात ६ तास पुरतात, त्यापुढे पाण्याला फेस येऊन आंबट वास यायला लागतो. ते पाणी टाका. दाणे चोळून वर आलेली सालं काढा. सगळी निघाली नाहीत तरी बिघडत नाही.

उकळत्या पाण्यात दाणे ५ मिनिटं टाकून निथळा आणि लगेच गरम पाण्यातच वाटा. थंड पाण्यात वाटलं की दाण्यातलं एक विकर तेलाशी क्रिया करून तो कच्चा, शेंगाळ वास आणतं. मुलं नाक मुरडतात ती त्याच वासाला. एकूण ९०० मिली गरम पाणी तीन-चार हप्त्यांत घाला. मिक्सरचं भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, वाफेने झाकण उडतं. ओल्या मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळून घ्या.

आता उकळणं. दुधाच्या तिप्पट मावेल असं जाड बुडाचं पातेलं घ्या. हे दूध उकळण्याआधीच फेसाने वर येतं, आणि उकळी आली असं समजून लोक गॅस बंद करतात. ती उकळी खरी नव्हे. आच कमी करून फेस बसू द्या. खरी खळखळून उकळी आली की तिथून १५ ते २० मिनिटं मंद आचेवर, तळ खरवडत ढवळत राहा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते एवढ्या उष्णतेनेच निकामी होतात. अर्धकच्चं दूध पाजलं तर पोट दुखतं, जुलाब होतात, आणि घरचे म्हणतात मुलीला सोया सोसत नाही.

७५० मिलीच्या आसपास दूध मिळतं. फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नाही. उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात मळा.

या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळ जातात, पण कॅल्शियम १०० मिलीला २०-२५ मिलिग्रॅमच भरतं. ते भरून काढायला कॅल्शियमची पूड किंवा औषध या दुधात कालवू नका. कॅल्शियमचे क्षार पडले की गरम सोया दूध फाटतं. टोफू तसाच तर करतात.

रानभाजी_सातारा

दुकानातल्या डब्यांपेक्षा नाचणी सत्त्व, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांवर भर दिला तर दुधाची गरजच राहत नाही. नाचणीत १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, दुधाच्या तिप्पट.

आहारतज्ज्ञ_पुणे

हे पदार्थ हवेतच, पण दुधाची जागा एकटे घेऊ शकत नाहीत. आकडे ताटात उतरवून पाहू.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साधारण १२.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. या वयाचं मूल दिवसाला ३० ग्रॅम नाचणी खाईल. म्हणजे ११० मिलिग्रॅम. १० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यातून ३०. राजगिऱ्याच्या मूठभर लाह्यांतून १५. डाळीतून २०-२५. एकूण १८० च्या आसपास, तेही सगळं शोषलं जाईल असं नाही. नाचणीत फायटेट असतं, तिळाच्या सालीत ऑक्झलेट, आणि हे दोन्ही घटक कॅल्शियम अडवतात. पालकात ऑक्झलेट इतकं असतं की त्यातलं कॅल्शियम हिशेबात धरूच नये. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात सालीबरोबर बहुतेक कॅल्शियम गेलेलं असतं.

सत्त्वाबद्दल एक गोष्ट बऱ्याच घरांत लक्षात येत नाही. नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः सालीत आणि सालीलगतच्या थरात असतं. वस्त्रगाळ सत्त्व काढताना चोथा टाकला की कॅल्शियमचा मोठा वाटाही जातो. १६ महिन्यांच्या मुलीला चोथ्यासकट पचतं. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड आणा, सावलीत वाळवा, मंद भाजून दळा आणि साध्या चाळणीने चाळा. मोड आल्याने फायटेट कमी होतं, चाळ जाडसर ठेवल्याने कॅल्शियम राहतं.

या १८० मध्ये कॅल्शियम घातलेल्या सोया पेयाचे ३०० मिली मिळवले, म्हणजे ३६०, की ५०० पार होतं. तेच घरचं सोया दूध असेल तर जेमतेम ७० ची भर पडते. पाऊण गरजही भागत नसेल तर डॉक्टरांना विचारून सिरप सुरू करावं लागतं.

बदाम घरी असतीलच. गाळून दूध काढू नका. १० बदाम भिजवून, सोलून, गुळगुळीत वाटून नाचणीच्या खिरीत घाला, प्रथिनं सगळी पोटात जातात. अख्खा बदाम किंवा तुकडे पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतात.

उष्मांकाकडेही बघा. म्हशीच्या दुधात १०० मिलीला १०० हून अधिक कॅलरी असतात, सोया दुधात चाळीस-पन्नास. वरण-भातावरचं तूपही बंद झालेलं असतं. म्हणून दोन्ही जेवणांत एकेक चहाचा चमचा शेंगदाणा, तीळ किंवा खोबरेल तेल वरून घाला. घरच्या तुपात बेरीबरोबर दुधाची प्रथिनं राहतात. गाळलेल्या तुपातही अंश असतो, तेव्हा सध्या तूप नकोच. तिचं वजन आत्ता वयाच्या मानाने मध्याजवळ आहे. दर महिन्याला त्याच काट्यावर करा आणि वाढीच्या तक्त्यावर मांडा. रेषा सोडून खाली यायला लागलं तर वाट पाहू नका.

बाळदमा_दवाखाना

घरचं दूध बंद केल्यावरही आव येत राहते, तेव्हा शोध विकतच्या आणि बाहेरच्या खाण्यात घ्यावा लागतो. वेष्टनावर 'कन्टेन्स मिल्क' असं ॲलर्जीचं वाक्य छापणं बंधनकारक आहे, पहिल्यांदा ते शोधा. शिवाय घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे, केसीन, केसीनेट, बटर, घी, योगर्ट पावडर यांपैकी एकही शब्द असला तर वस्तू परत ठेवा. ग्लुकोज बिस्किटं, ब्रेड, टोस्ट, बाळांची तयार तृणधान्यं, माल्टची पेयं या सगळ्यांत दूध असू शकतं. उत्पादक कृती बदलतात म्हणून दर खेपेला वाचायचं. औषधांतही विचारा, काही प्रोबायोटिक पुड्यांत दुधाचे अंश असतात.

सुट्या मालाला वेष्टनच नाही. बेकरीची खारी, नानकटाई, केक यांत काय आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. पंचामृत, पेढा, सत्यनारायणाचा शिरा हे हातावर पटकन ठेवले जातात, तेव्हा घरातल्या सगळ्यांना आणि पाळणाघरातल्या मावशींना स्पष्ट सांगा: चमचाभरही नाही. इडली, घावन, भाकरी, पोहे निर्धोक, फक्त तव्याला लोणी-तूप लावलेलं नाही ना ते पाहा.

वर लिहिलेलं सगळं तुमच्या मुलीच्या प्रकारासाठी आहे. हे वाचणाऱ्या कोणाच्या मुलाला दूध घेतल्यावर काही मिनिटांत किंवा दोन तासांत गांधी, सूज, सलग उलट्या, खोकला होत असेल, तर घरी दूध देऊन तपासून पाहू नका. श्वास लागला किंवा मूल गळून गेलं तर १०८ ला फोन करा आणि मुलाला आडवं ठेवा. श्वास लागला असेल तर टेकून बसवा, पण उभं करून चालवू नका.

नाशिकची_आई

सगळ्यांचे आभार. सोया ३० मिलीपासून सुरू करते. अजून दोन गोष्टी. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले आहेत, कॅल्शियम सिरप लागलं तर दोन्ही एकत्र चालेल का? आणि दूध परत कधी देऊन पाहायचं?

आहारतज्ज्ञ_पुणे

एकत्र नको. कॅल्शियम लोह अडवतं. लोह सकाळी, लिंबू किंवा मोसंबीच्या रसाबरोबर. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत, मध्ये किमान दोन तास. बाटलीवर 'एलिमेंटल कॅल्शियम' किती तो आकडा बघा. ६२५ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमधून प्रत्यक्षात २५० मिळतं.

बी-१२ विसरू नका. अंडं-मासे नसलेल्या घरात मुलांना ते जवळजवळ दुधातूनच मिळतं. दूध बंद म्हणजे तो रस्ताही बंद, आणि तुमचं स्वतःचं बी-१२ कमी असेल तर अंगावरच्या दुधातही कमीच उतरतं. सोया पेयात घातलेलं आहे का ते तक्त्यात पाहा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना बी-१२ व ड जीवनसत्त्वाच्या थेंबांबद्दल विचारा.

बाळदमा_दवाखाना

दूध पुन्हा देऊन पाहायचं ते निदानानंतर किमान सहा महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, पायरीपायरीने. पहिली पायरी ओव्हनमध्ये भाजलेलं, थोडी दूध पावडर घातलेलं बिस्किट. मग केक, मग घावनासारखं तव्यावरचं, मग शिजवलेलं पनीर, मग दही, आणि शेवटी साधं दूध. कणकेत मिसळून ओव्हनमध्ये बराच वेळ भाजलं की दुधातल्या बऱ्याच प्रथिनांचा आकार बदलतो. तव्यावर दोन मिनिटांत तेवढं होत नाही, म्हणून दुधात भिजवलेली पोळी पहिली पायरी धरू नका. प्रत्येक पायरीवर काही दिवस थांबा, तुमच्या मुलीत त्रास तिसऱ्या दिवशी दिसला होता हे लक्षात ठेवून. ताप-सर्दी किंवा पोट बिघडलेलं असताना सुरू करू नका. आव दिसली तर एक पायरी मागे या, तिथे त्रास नसेल तर तेवढं चालू ठेवा आणि पुढची पायरी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करून पाहा.