जुने कँटोनीज कुंग फू सिनेमे: कला की माकडउड्या?

रीळवेडा:
रविवारी 'द प्रॉडिगल सन' (१९८१) चौथ्यांदा पाहिला आणि घरात वाजलं. बायको म्हणते, दीड तास लोक एकमेकांना बुकलतात, त्यात बघायचं काय? म्हणून हा धागा.

माझं म्हणणं, हाँगकाँगच्या या कँटोनीज (म्हणजे तिथल्या बोलीतल्या) सिनेमांत मारामारीच गोष्ट सांगते. फोशानचा एक श्रीमंत पोरगा, लेउंग जान, स्वतःला मोठा लढवय्या समजतो. खरं तर बाप समोरच्यांना पैसे चारून हरायला लावत असतो. मग गावात नाटक मंडळी येते. तिथल्या नटीवर पोराच्या एका मित्राचा डोळा, आणि नटी निघते पुरुष! आपल्याकडे स्त्रीपार्टी म्हणायचे तसा नट, वर दमेकरी. तो या पोराला असा धुतो की पोराला स्वतःची लायकी कळते. मग हा त्याच मंडळीत शिरतो आणि 'मला शिकवा' म्हणून मागे लागतो. लाम चिंग-यिंगने तो नट काय उभा केलाय! विंग चुन या कुंग फू शैलीचे ते आखूड, अंगासरशी फिरणारे हात पाहा. हा माणूस ताकद वाया घालवत नाही, शब्दही नाही. आवाज बंद करून बघा, तरी कळतं.

बंड्या_बेधडक:
वहिनींना अनुमोदन. गुरूला कोणीतरी मारतं, चेला शिकतो, सूड घेतो, 'समाप्त'ची पाटी. बुक्कीचा आवाज गादी झोडल्यासारखा. आणि वेगाचं कौतुक तर नकोच. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात, शूटिंगला थोड्या कमी घेतल्या की आमचे आजोबासुद्धा चपळ दिसतील.

रीळवेडा:
चौकटींचं मान्य. पण बाकावरून पाठीवर पडणारा गडी खरोखरच पडतो ना? कॅमेरा लांब ठेवून पायापासून डोक्यापर्यंत अख्खा माणूस दाखवतात. हल्ली ठोसा उगारला की कट, लागला की कट. तुमच्या आजोबांना 'ड्रंकन मास्टर'मधल्या जॅकी चॅनसारखं उलटं टांगून घेऊन चिमुकल्या कपांनी खालचं पाणी वरच्या बादलीत भरायला सांगा.

तळटीप:
धाग्याच्या नावावरच आक्षेप. ब्रूस लीचे 'द बिग बॉस' (१९७१) आणि 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२) हाँगकाँगमध्ये मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेत लागले. त्याची स्वतःची भाषा कँटोनीज, तरीही! शॉ ब्रदर्स या तिथल्या बड्या स्टुडिओचे बहुतेक गाजलेले सिनेमेही मँडरिनच. १९७२च्या सुमारास कँटोनीज सिनेमा जवळजवळ संपला होता, १९७३मध्ये 'द हाउस ऑफ ७२ टेनंट्स' तुफान चालला तेव्हा धुगधुगी आली. आणि तेव्हा शूटिंगला आवाज घेतच नसत, सगळं नंतर स्टुडिओत डब. पुष्कळदा नटाचा आवाजही दुसऱ्याचाच. तेव्हा केबलवर हिंदी डब पाहून वाढलेल्यांना 'मूळ भाषेत बघा हो' असं हिणवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

सुमेधा_क:
+१, पण अर्धंच. तुम्ही सगळे १९७०च्या पुढेच घोटाळताय. खरी कँटोनीज परंपरा कृष्णधवल आहे. कँटोनीज ऑपेरातून आलेला क्वान टाक-हिंग १९४९पासून पडद्यावर वाँग फेइ-हुंग (खरोखर होऊन गेलेला कुंग फू वस्ताद) झाला आणि सत्तरहून जास्त सिनेमे केले. एकट्या १९५६ साली २५! त्याचा वाँग हाडं बसवणारा वैद्य. शक्यतो हात उचलायचा नाही, आधी चार शब्द सांगायचा. त्यातच काम करणारा लाउ चाम हा खऱ्या वाँगच्या शिष्याचा शिष्य, आणि त्याचा मुलगा लाउ कार-लेउंग पुढे मोठा दिग्दर्शक. म्हणजे घराणंच की! आणि १९७८मध्ये तुमच्या 'ड्रंकन मास्टर'ने त्याच वाँगला उनाड कार्टं करून टाकलं.

बंड्या_बेधडक:
वर्षात २५ सिनेमे? मग मालिकाच म्हणा ना. सासू-सून नाही एवढंच.

लाल_माती:
मी सात वर्षं तालमीत काढलीत. बंड्याभाऊ, लढतीचं तुमचं बरोबर आहे. एक डाव बसला की गडी चितपट, दहा मिनिटं हवेत गिरक्या कोण घेतो? पण शिकण्याचा भाग खोटा नाही. आमच्या वस्तादांनी पहिले सहा महिने मला डाव दाखवलाच नाही. जोर, बैठका, माती उकरणं. वैताग यायचा. त्या पोराला गुरू उगाच राबवतो ना, तेव्हा माझ्या मांड्या दुखायला लागतात.

जाईजुई:
वस्ताद, चेला, बाप, मुलगा, घराणं. बायका कुठायत हो या सगळ्यात? चहा आणायला?

रीळवेडा:
ताई, 'ड्रंकन मास्टर'चा शेवट आठवा. आठ दैवतांच्या नावाचे आठ दारुडे डाव. आठवा देवीचा, बायकी म्हणून पठ्ठ्या शिकायचा टाळतो. शेवटच्या लढतीत नेमका तोच लागतो आणि त्याला तो आयत्या वेळी जुळवावा लागतो.

जाईजुई:
आठवलं. लचकत, मुरडत करतो आणि सगळे हसतात. ती देवीची ताकद की बाईची नक्कल?

रीळवेडा:
दोन्ही. पण जिंकतो त्याच डावाने.

जाईजुई:
जिंकतो तोच ना. देवी नाही.