मदत हवी आहे : दोघंही नोकरी करणारे, शेल्टरमधली कुत्री घरी आणायची आहे

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं फोंड्यात फ्लॅटमध्ये राहतो. शेल्टरमधली एक गावठी कुत्री आम्हाला मनापासून आवडली आहे. वय साधारण तीन वर्षं, नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं. पिल्लू नको, मोठीच हवी, यावर आमचं एकमत आहे. मोठ्या कुत्र्यांना कोणी पटकन नेत नाही.

ती अतिशय बुजरी आहे. माझ्या हातून खाते, पण ह्यांनी पाऊल पुढे टाकलं की भिंतीला चिकटते. ह्यांना त्याचं फार वाईट वाटतं. पुरुषांना घाबरणारी कुत्री कुणी सांभाळली आहे का? खाणं-फिरवणं सुरुवातीपासून ह्यांनीच करावं, की तिला आधी नुसतं घरात रुळू द्यावं? दिवसभर ती एकटी असणार, तर सवय कशी लावायची?

दुसरी काळजी चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची. आम्ही सगळे गावच्या मूळ घरी जातो. तिथे माणसांची वर्दळ, फटाके, दारं सताड उघडी. नवीन कुत्री बिथरून पळाली तर? तिला सोबत न्यावं, की पहिल्या वर्षी आमच्यापैकी एकाने मागे राहावं? मला दुसरं बरं वाटतं, सासूबाईंना पटत नाहीये.

पावसात गोचिडी फार होतात आणि त्यांच्यामुळे येणारा ताप जिवावर बेततो, म्हणून आणल्या आणल्या रक्त तपासून घेणार आहोत. फोंड्याच्या आसपास घाबरट जनावरांना शांतपणे हाताळणारे डॉक्टर माहीत असतील तर जरूर सांगा.