कमी बजेटमध्ये फिल्म कॅमेरा: माझं मत ऑलिंपस ट्रिप ३५ ला, तुमचं?

सह्यवाट

ओळखीतली कॉलेजची मुलं हल्ली एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. फिल्मवर फोटो काढायचेत, लेन्स बदलायची भानगड नको, पिशवीत मावेल असा हवा आणि कॅमेऱ्यावर सात-आठ हजारांच्या वर घालवायचे नाहीत. काय घेऊ?

काँटॅक्स टी२ आणि ऑलिंपस म्यू-२ ही नावं सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. कॅमेरे उत्तम आहेत, पण त्यांचे भाव केव्हाच हाताबाहेर गेलेत. आणि एवढे पैसे मोजून आपण घेतो काय, तर दोन-तीन दशकं जुनं सर्किट. ते बंद पडलं की सुटा भाग मिळत नाही.

माझं उत्तर ऑलिंपस ट्रिप ३५. हा १९६७ साली बाजारात आला आणि १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिला, त्यामुळे आजही मुबलक मिळतो. ४० मिमी एफ/२.८ झुइको लेन्स (एफ/ नंतरचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो), आणि सेल (बॅटरी) लागतच नाही. लेन्सभोवती जी खडबडीत दाणेदार काच दिसते, तिच्यामागे सेलेनियमचा प्रकाशमापक आहे. उजेड पडला की तो स्वतःच वीज तयार करतो. त्या विजेवर एक काटा हलतो, शटरचं बटण दाबलं की काटा जागच्या जागी पकडला जातो आणि त्यावरून ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक किती उघडायचं, ते ठरतं. शटरचे वेग दोनच, १/४० आणि १/२०० सेकंद, त्यातला कुठला हेही कॅमेराच ठरवतो. उजेड अपुरा असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि शटर दाबलंच जात नाही. नवशिक्याचा रोल वाया जाऊ नये म्हणून याहून चांगली सोय मला माहीत नाही.

दोन वेगांत कसं भागणार, असं विचारणाऱ्यांसाठी हिशोब मांडतो. ४०० आयएसओचा रोल (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा), भर दुपारचं ऊन. नेहमीचा नियम असा, की उन्हात एफ/१६ ला वेग आयएसओच्या आकड्याइतका. म्हणजे एफ/१६ ला १/४००, म्हणजेच तेवढ्याच उजेडासाठी एफ/२२ ला १/२००. ट्रिपचं सगळ्यात लहान ॲपर्चर एफ/२२ आणि सगळ्यात जलद वेग १/२००. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हालाही कॅमेरा बरोबर पुरतो.

तुमचं मत वेगळं असेल तर कारणासकट लिहा.

निगेटिव्ह

सहमत नाही. सगळा हिशोब उन्हाचा मांडलात, पण आपल्याकडे जपून ठेवण्यासारखे फोटो बहुतेक घरातच निघतात. गौरी बसल्यात, ट्यूबलाइट आणि समईचा उजेड आहे, आजी आरतीचं तबक हातात घेऊन उभी आहे. तिथे ट्रिप लाल पट्टी दाखवून मोकळा होणार.

त्याच पैशांत, कधी त्याहून कमीत, याशिका इलेक्ट्रो ३५ मिळतो. पहिला १९६६ चा, जीएसएन हे मॉडेल १९७३ चं. ४५ मिमी एफ/१.७ लेन्स. एफ/२.८ आणि एफ/१.७ मध्ये जवळजवळ दीड स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), शिवाय शटरचा वेग अखंड बदलतो, १/४० वर अडकून बसत नाही. आणि फोकस ट्रिपसारखा अंदाजे नाही, रेंजफाइंडरचा. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध पिवळसर चौकोनात दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. ॲपर्चर आपण ठरवायचं, वेग कॅमेरा निवडतो. शटर फार मंद होणार असेल तर पिवळा दिवा लागतो, उजेड जास्त झाला तर लाल. फोटोग्राफी शिकायची असेल तर ॲपर्चर आपल्या हातात हवंच. ट्रिपमध्ये मूल शिकणार काय?

अंबरनाथ लोकल

@निगेटिव्ह, इलेक्ट्रोचं वजन पाऊण किलोच्या घरात आहे तेही सांगा की. ‘पिशवीत मावेल असा’ ही मूळ अट आहे.

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. मुलांना फोटो काढायचेत, यंत्र सांभाळायचं नाही. १९९० च्या दशकातले ऑटोफोकस कॉम्पॅक्ट कुणी का सुचवत नाही? कॅननचे शुअर शॉट, पेंटॅक्सचे एस्पिओ, ऑलिंपसचे साधे झूमवाले म्यू. फॅशनमध्ये नाहीत म्हणून झूमवाले अजून स्वस्त आहेत. फिल्म आपोआप पुढे सरकते, आयएसओ रोलवरच्या पट्ट्यांवरून आपोआप वाचला जातो, फ्लॅश आतच. बऱ्याच मॉडेलना सीआर१२३ए सेल लागतो, तो कुठल्याही बऱ्या फोटोच्या दुकानात मिळतो. घरातल्या अंधाराला फ्लॅश हेच सरळ उत्तर आहे, एफ/१.७ नाही. हलणाऱ्या आजीला १/१५ वर एफ/१.७ सुद्धा वाचवत नाही.

ट्रिपमध्ये तर फोकस चार चित्रांवर: एक डोकं, दोन माणसं, घोळका, डोंगर. साधारण एक मीटर, दीड मीटर, तीन मीटर आणि त्यापलीकडचं सगळं. कॅफेत समोर बसलेल्या मैत्रिणीचं अंतर मीटर की दीड मीटर, हे किती जणांना नजरेनं कळतं?

सह्यवाट

@निगेटिव्ह, लाल पट्टी आली म्हणून ट्रिप ठप्प होत नाही. ॲपर्चरची कडी ए (ऑटो) वरून काढून २.८ वर आणली की शटर १/४० वर उघडतं. ट्यूबलाइटखाली ४०० चा रोल असेल तर घरातला बराचसा फोटो येतो. समईच्या उजेडात येणार नाही, हे मान्य. पण तेवढ्यासाठी पाऊण किलोचं धूड वर्षभर गळ्यात वागवायचं का?

इलेक्ट्रोचा सेल हा माझा खरा आक्षेप. मूळ सेल ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा, तो आता बनत नाही. सेल संपला की शटर १/५०० वरच अडकतं. एखादा फोटो नशिबानं येईल, बाकी रोल काळोखात.

@अंबरनाथ लोकल, अंतर ओळखणं एका रोलमध्ये अंगवळणी पडतं. हात लांब केला की बोटं जिथे पोचतात त्याच्या थोडं पुढे एक मीटर. उन्हात ॲपर्चर एफ/११-१६ असतं, तेव्हा अंदाज थोडा चुकला तरी फोटो स्पष्टच येतो. आणि आपण निवडलेलं चित्र आणि ॲपर्चर व्ह्यूफाइंडरच्या तळाशी एका इवल्याशा खिडकीतून दिसतात, डोळा काढावा लागत नाही.

त्या ऑटोफोकसवाल्यांचा मला मनापासून राग येतो तो एका गोष्टीसाठी. म्यूचं झाकण सरकवून कॅमेरा चालू केला की फ्लॅश दर वेळी पुन्हा ऑटोवर. बंद करायला विसरलात की संध्याकाळचा सुंदर उजेड गेला, चेहऱ्यावर पांढरा लखलखाट.

निगेटिव्ह

सेलचा बाऊ करू नका. ६ व्होल्टचा ४एलआर४४ सेल सहज मिळतो. तो मूळ सेलपेक्षा आखूड आहे, उरलेल्या जागेत स्प्रिंग बसवली की झालं. इलेक्ट्रोचं सर्किट तेवढा जास्त व्होल्टेज सहन करतं, मोजमाप बिघडत नाही. खरी अडचण कॅननच्या कॅनोनेट क्यूएल१७ ची आहे. त्याला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. त्या जागी १.५ चा अल्कलाइन घातला की प्रकाशमापकाला उजेड जास्त वाटतो आणि फोटो गडद येतात. त्यावर उपाय कानाच्या यंत्रात घालतात तो ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, १.४ व्होल्टचा. श्रवणयंत्रांच्या दुकानात मिळतो. महिना-दोन महिन्यांत उतरतो, पण मोजमाप बरोबर देतो. शिवाय कॅनोनेटचं शटर यांत्रिक आहे, सेल नसला तरी सगळे वेग चालतात. फोनवर प्रकाशमापकाचं ॲप घ्या आणि आकडे हातानं लावा. खरं तर माझं पहिलं मत कॅनोनेटलाच, पण चांगला नग या बजेटमध्ये क्वचित मिळतो.

इलेक्ट्रो घेताना एकच गोष्ट बघा. फिल्म पुढे सरकवायची लिव्हर फिरवताना आतून ‘टक’ असा ठसठशीत आवाज यायला हवा. आला नाही तर आतलं रबराचं पॅड कुजलंय, एक्स्पोजरवर भरवसा नाही. तो नग सोडून द्या.

कुडाळवासी

सगळे मॉडेलवर भांडताय. कोकणात राहणाऱ्याला विचाराल तर मुळात लेन्स न निघणारा जुना कॅमेरा घ्यावाच की नाही, इथून सुरुवात करायला हवी. जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेला कॅमेरा दिवाळीला उघडला की काचेच्या कडेपासून पांढऱ्या तंतूंची जाळी आत सरकलेली दिसते. बुरशीच ती. एसएलआर (लेन्स बदलता येणारा, आरशाचा कॅमेरा) असेल तर पन्नास मिमीची दुसरी लेन्स घेऊन काम पुढे चालतं. इथे लेन्स गेली म्हणजे कॅमेराच गेला.

माझ्या मते पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम१० आणि एक साधी पन्नासची लेन्स घ्यावी. दुरुस्त करणारे आहेत, भाग मिळतात. थोडे पैसे जास्त जातील, मोठा आहे हेही खरं, पण दहा वर्षं टिकेल.

सह्यवाट

@कुडाळवासी, बुरशीचा मुद्दा सगळ्यात वजनदार, तुमच्याशी वाद नाही. पण एसएलआर घरी ठेवून बाहेर पडणारे खूप बघितलेत. जो कॅमेरा सोबत येतच नाही, तो दहा वर्षं टिकून काय उपयोग? हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक, एवढ्यानं पावसाळा निघतो. कातडी केसमध्ये घालून मात्र ठेवू नका, कातडं ओल धरून ठेवतं.

घेताना लेन्स तपासायची ती अशी. रोल नसताना मागचं दार उघडा. कॅनोनेट-इलेक्ट्रोसारख्यांना बी वर (बटण धरलं तोवर शटर उघडं राहतं) ठेवून शटर धरून ठेवा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारा. धुळीचे दोन-चार कण चालतील, जाळी दिसली तर नको. ट्रिपला बी नाही, तिथे समोरून तिरका टॉर्च मारून बघावं लागतं. मग ट्रिपची लेन्स तळव्यानं पूर्ण झाका आणि बटण दाबा. लाल पट्टी आली पाहिजे. तळवा काढून खिडकीकडे धरा, आता पट्टी न येता शटर सुटलं पाहिजे. त्यानंतर ॲपर्चर २२ आणि २.८ वर आळीपाळीनं ठेवून शटर दाबताना आतली पाती हलतात का ते बघा. तेल उतरून पाती चिकटणं हा ट्रिपचा नेहमीचा आजार आहे. दाराच्या कडेचा काळा फोम चिकट झाला असेल तर घाबरू नका, तो स्वस्तात बदलतो.

आणि हे सगळं दुकानात उभं राहून करा. मुंबईत बोरा बाजार आहे, पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो. फोटो बघून कुरियरनं मागवलेल्या कॅमेऱ्याचं यातलं काहीच तपासता येत नाही.

अंधारखोली

तुम्ही सगळे कॅमेऱ्याच्या किमतीवर अडलात. खर्च कॅमेऱ्याचा नसून रोलचा आहे. एक रंगीत रोल, धुणं, स्कॅन धरून आज दीड हजाराच्या आसपास जातात. ३६ फोटोंना वाटून बघा, एका फोटोचे चाळीस रुपये. कॉलेजच्या मुलानं महिन्याला एक रोल काढला तर सहा महिन्यांत कॅमेऱ्याएवढे पैसे संपले.

म्हणून माझं मत हाफ-फ्रेमला, म्हणजे नेहमीच्या एका फोटोच्या जागेत दोन फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला. एका रोलवर ७२ फोटो. ऑलिंपसचाच पेन ईई-३ घ्या, यालाही तेच सेलेनियम, तीच लाल पट्टी, १/४० आणि १/२०० हेच दोन वेग, वर २८ मिमी एफ/३.५ ची लेन्स आणि फोकस कायमचा ठरलेला. @अंबरनाथ लोकल यांची मीटर-दीड मीटरची तक्रारही मिटली.

नवा कोरा हवा म्हणून कोडॅकचा एकटार एच३५ घेणाऱ्यांना मात्र थांबवा. प्लॅस्टिकचा, एफ/९.५ आणि शटर १/१०० एवढंच. ऊन असेल तोवर ठीक. ४०० चा रोल घातला तर ढगाळ दुपारही निभावेल, पण घरात किंवा संध्याकाळी फ्लॅशशिवाय निगेटिव्ह फिकी निघणार.

आणि स्वस्त म्हणून सिनेमाच्या फिल्मचे सुटे गुंडाळलेले रोल घेणार असाल तर आधी लॅबला विचारा. त्यातल्या बऱ्याच फिल्मच्या पाठीला कार्बनचा काळा थर असतो. नेहमीच्या मशीनमध्ये तो सुटला तर रसायनही खराब होतं आणि दुसऱ्यांचे रोलही.

अंबरनाथ लोकल

@अंधारखोली, पैशांचा मुद्दा पटला, हाफ-फ्रेम नाही. ७२ फोटो संपायला नवशिक्याला तीन-तीन महिने लागतात. पहिल्या फोटोत काय केलं होतं ते शेवटचा येईपर्यंत आठवत नाही, मग शिकणार कसा? शिवाय काही लॅब हाफ-फ्रेमच्या स्कॅनला जास्त पैसे घेतात, काही दोन फोटो एकाच फायलीत जोडून देतात.

पैसेच वाचवायचे तर आधी घरातली कपाटं उघडा. याशिका एमएफ-२, कोडॅक केबी१० हे कितीतरी घरांत पडून आहेत. मामाकडे, आत्याकडे विचारा. फोकस लावायचा नाही, सेल घाला आणि चालू. पहिले दोन रोल त्यावर काढा. फिल्मची गोडी टिकली तर मग ट्रिप, इलेक्ट्रो काय हवं ते घ्या.

निगेटिव्ह

फुकट मिळालेल्या केबी१० वर पहिला रोल काढणाऱ्याची फिल्मची गोडी टिकेल कशी? त्या लेन्सनं कडा धूसर येणार आणि मूल म्हणणार, यापेक्षा फोन बरा. पहिल्याच रोलमध्ये एक तरी फोटो असा यावा की तो छापून भिंतीवर लावावासा वाटेल. त्यासाठी बरी काच लागते.

सह्यवाट

@निगेटिव्ह, हे शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे. ट्रिपची झुइको ती काच देते, आणि सेल शोधत फिरायला लावत नाही. ज्यांना मुख्यतः घरात आणि रात्री फोटो काढायचेत त्यांना मीसुद्धा इलेक्ट्रोच सांगेन. पण मला विचारणारी मुलं ट्रेकला जातात, वारीत दिवस दोन दिवस चालतात, एसटीनं गावी जातात. त्यांच्यासाठी माझं मत बदललेलं नाही.

पुण्यातल्या कुणाला या रविवारी जुन्या बाजारात नग तपासायला सोबत हवी असेल तर इथेच लिहा. मी टॉर्च आणि एक वाया गेलेला रोल घेऊन येतो, फिल्म नीट पुढे सरकते का तेही तिथेच बघता येईल.