कुत्र्याचा जबडा नीट उघडत नाही: थांबावे की लगेच दाखवावे?

प्रश्न (लोकमान्यनगर, इंदूर)
आमचा लॅब्रेडॉर सहा वर्षांचा आहे. परवापासून तो पोळीचा तुकडा तोंडात घेतो आणि तसाच खाली टाकतो, जांभई देताना कळवळतो, आणि आज दोन्ही कानशिले सुजल्यासारखी दिसत आहेत. पाणी पितो, दूधभात चाटून खातो. रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली आहे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की हाड चावताना जबडा दुखावला असेल, आपोआप बरा होईल. वाट पाहावी का?

उत्तर १
वाट पाहू नये. हाडाचा तुकडा वरच्या दाढांच्या मध्ये अडकणे, दाढेच्या मुळाशी पू होणे, जबड्याचे हाड मोडणे, यांपैकी काहीही असू शकते. पण दोन्ही बाजूंची कानशिले सुजली आहेत आणि तोंड उघडताना दुखते, हे वाचून मला चावण्याच्या स्नायूंच्या दाहाची शंका येते. या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते. सुरुवातीला सूज असते, पुढे स्नायू झिजून कानशिले खोल जातात, आणि उपचार लांबले तर स्नायूंच्या जागी ताठर तंतू तयार होऊन तोंड कायमचे उघडेनासे होते. यासाठी रक्ताची एक विशेष तपासणी असते. तिचा नमुना स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वी घेतलेला बरा, हे डॉक्टरांशी अवश्य बोला. तोंड बळाने उघडून पाहू नका. एक डोळा पुढे आलेला दिसला किंवा ताप असला, तर डोळ्यामागे गळू असण्याची शक्यता आहे. तेव्हा त्याच दिवशी दाखवावे.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र हा धागा इतरही वाचतील, म्हणून एक भर घालतो. जबडा उघडत नसण्याऐवजी तो खाली लोंबत असेल, मिटत नसेल आणि लाळ गळत असेल, तर कारण जबड्याच्या मज्जातंतूचा दाह असू शकतो, जो बहुतेक कुत्र्यांत काही आठवड्यांत ओसरतो. तरीही आपल्याकडे आधी रेबीजचाच विचार केला पाहिजे, विशेषतः लस दिलेली नसेल तर. घशात काही अडकले असेल असे समजून तोंडात हात घालणे जिवावर बेतू शकते. लाळ जखमेला लागली असल्यास ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जावे.

उत्तर ३
घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कृपया देऊ नका. पहिल्याने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात, दुसऱ्याने यकृताला इजा होते. जवळच्या पशुवैद्यांकडे क्ष-किरणाची सोय नसेल, तर महू येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारणा करता येईल. तोपर्यंत दूधभाताऐवजी शिजवलेले चिकन बारीक करून, पातळ करून द्यावे आणि कांदा-लसूण त्यात अजिबात घालू नये. त्याने पाणी पिणेही सोडले, तर मग सकाळची वाट पाहू नका, रात्रीच न्या.